पुरवठादाराच्या खोलीतला व्हिडिओ नेमका कोणाचा?

प्रश्न असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकाने स्थानिक केबलचालकाकडून फायबरची जोडणी घेतली आहे. योजनेच्या पत्रकावर 'इंटरनेट ३० एमबीपीएस, यूट्यूब १०० एमबीपीएस' असे छापलेले आहे. यूट्यूबचा व्हिडिओ कोणत्या आयपी पत्त्यावरून येतो हे त्यांनी कुतूहलापोटी तपासले, तेव्हा तो पत्ता गूगलच्या नावावर नसून, केबलचालक ज्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो तिच्या नावावर नोंदलेला निघाला. यावरून त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. आपण काय पाहतो हे पुरवठादाराला दिसते का आणि त्याची प्रत तो ठेवतो का, ही पहिली. त्यांच्या हौशी नाट्यसंस्थेच्या संकेतस्थळावरचे प्रयोगांचे चित्रीकरण ३० च्या पुढे का सरकत नाही आणि हे न्याय्य आहे का, ही दुसरी.

आधी पत्त्याचा उलगडा करतो, कारण शंकेचे मूळ तिथे आहे. गूगलची 'ग्लोबल कॅशे' (वारंवार मागितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या प्रती जवळच साठवून देणारी यंत्रे) ज्या पुरवठादाराच्या जाळ्यात बसवली जाते, त्याला स्वतःच्या आयपी पत्त्यांपैकी एक लहान गट त्या यंत्रांसाठी राखून द्यावा लागतो. यंत्र गूगलचे, त्यावरची प्रणाली गूगलची, सांकेतिक कुलपाची किल्लीही गूगलकडेच. जागा, वीज, वातानुकूलन आणि पत्ता तेवढा पुरवठादाराचा. त्यामुळे पत्त्याची नोंद शोधणाऱ्याला पुरवठादाराचे नाव दिसते. बँकेच्या एटीएमसाठी ज्याने रस्त्याकडेचा गाळा दिला आहे, त्या गाळ्याची घरपट्टी त्याच्याच नावावर येते, पण म्हणून त्याला खातेदारांची शिल्लक दिसत नाही. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'ओपन कनेक्ट' योजनेतली यंत्रेही याच पद्धतीने पुरवठादारांच्या खोल्यांत ठेवलेली असतात. तिथे तर विभागणी आणखी स्पष्ट आहे: खाते, पासवर्ड, कोणाला काय दाखवायचे हा निर्णय, हे सारे ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालते आणि पुरवठादाराकडच्या पेटीत चित्रपटांच्या फायली तेवढ्या असतात, ज्या बहुतेक वेळा वर्दळ कमी असण्याच्या तासांत आधीच भरून ठेवल्या जातात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर असे की, आपण पाहिलेल्या व्हिडिओची प्रत त्या खोलीत असेलही, परंतु ती आपल्यासाठी म्हणून ठेवलेली नसते, तीच प्रत तालुक्यातल्या सर्वांना दिली जाते आणि ती कोणी मागितली हे त्या पेटीतून वाचण्याचा अधिकार वा साधन पुरवठादाराकडे नसते. मागणीची नोंद गूगलकडे अर्थातच होते. पण ती पेटी मुंबईत असो, सिंगापूरमध्ये असो की आपल्या गावात, तशीच होते.

तरीही शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण याच धंद्यात मी याच्या उलट दिवसही पाहिले आहेत.

साधारण २००६ च्या सुमारास मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका छोट्या पुरवठादाराचे सर्व्हर सांभाळत असे. बँडविड्थ तेव्हा सोन्याच्या भावाची होती आणि अनेक छोट्या पुरवठादारांकडे 'स्क्विड' चालवणारा एखादा जुना संगणक असे. ग्राहकाला न सांगता, त्याच्या ब्राउझरमध्ये काहीही न बदलता, राउटरवरच सगळी वेबची वाहतूक या यंत्राकडे वळवली जाई. याला आम्ही 'ट्रान्स्परंट प्रॉक्सी' म्हणत असू. नाव पारदर्शक, पण ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. कोणी एखादे पान मागितले की त्याची प्रत ठेवायची आणि पुढच्या माणसाने तेच मागितले की घरचीच प्रत द्यायची. आमच्याकडे सगळे या कॅशेला 'कॅश'च, म्हणजे रोकडच, म्हणत आणि त्यातून होणारी बचत पाहता ते फारसे चुकीचेही नव्हते. त्या बचतीचे प्रमाण आणखी वाढवा, असा मालकांचा तगादा होता. संकेतस्थळ आपल्या पानासोबत 'हे पान एकाच व्यक्तीसाठी आहे, सामायिक कॅशेमध्ये ठेवू नये' अशी सूचना पाठवू शकते आणि ती सूचना धुडकावण्याची सोयही स्क्विडमध्ये होती. मी ती सोय चालू केली. आठवडाभरातच एका ग्राहक बाईंचा दूरध्वनी आला की, आपली ईमेलपेटी उघडली तर भलत्याच माणसाची पत्रे दिसत आहेत. त्या काळी अनेक ईमेल सेवांत लॉगिनचे पान कूटबद्ध असे आणि आतली पत्रांची यादी मात्र उघडीच येत असे. चूक सर्वस्वी माझी होती. ते बदल मी त्याच संध्याकाळी मागे घेतले.

पण मला आजही जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. स्क्विडची एक नोंदवही असते आणि तीत कोणत्या ग्राहकाने किती वाजता कोणते पान उघडले हे पूर्ण पत्त्यासह, ओळीने लिहिले जाते. ती फाइल आमच्या कार्यालयातल्या कोणालाही उघडता येत असे, आणि बिलवसुलीला जाणारी पोरे ती करमणूक म्हणून वाचत. चुकीच्या माणसाला चुकीचे पान गेले तर कोणीतरी तक्रार तरी करतो. वही वाचली गेल्याची तक्रार कोण करणार?

पहिल्या प्रकारची चूक मोठ्यांनाही चुकलेली नाही. २०१५ च्या नाताळच्या दिवशी 'स्टीम' या खेळविक्रीच्या सेवेवर हल्ला चालू असताना घाईने लावलेल्या कॅशेच्या चुकीच्या नियमांमुळे सुमारे ३४,००० वापरकर्त्यांच्या खात्यांची पाने इतरांना दिसण्याची वेळ आली होती. दुसऱ्या प्रकारच्या गैरवापराचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या व्हेरायझनचे आहे. ही कंपनी आपल्या मोबाइल ग्राहकांच्या वेब मागण्यांमध्ये वाटेतच एक ओळखक्रमांक घुसडत होती, जेणेकरून जाहिरातदारांना तोच माणूस पुन्हा ओळखता यावा. २०१४ मध्ये हे उघडकीस आले आणि मार्च २०१६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने साडेतेरा लाख डॉलर भरले. ज्या मधल्या जागेवर बसून कॅशे चालते, त्याच जागेवर बसून हेही करता येते, एवढेच त्यातून लक्षात घ्यायचे आहे.

ही जागा ज्यामुळे बरीचशी निकामी झाली, ते म्हणजे एचटीटीपीएस, संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातली वाहतूक कूटबद्ध करणारी पद्धत. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची पाळत उघड करणारे स्नोडेन प्रकरण घडले, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ च्या अखेरीस त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट वाटायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपीच्या पानांवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागला. पान कूटबद्ध झाले की मधल्या यंत्राला ते वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते ओळखून दुसऱ्याला देताही येत नाही. स्क्विडच्या संगणकाला धूळ चढली ती यामुळे. मग वाढत्या व्हिडिओंचे करायचे काय? ते काम आता पुरवठादाराच्या खोलीतली कुलूपबंद पेटी करते. कॅशे तिथेच राहिली, तिचा मालक मात्र बदलला.

आता पुरवठादाराला काय दिसते, हे नेमकेपणाने सांगतो. यूट्यूबवर आपण कोणता व्हिडिओ पाहिला, हे त्याला थेट दिसत नाही. आपण यूट्यूबवर होतो, किती वाजता होतो आणि किती डेटा आला, हे दिसते. आपण कोणत्या संकेतस्थळाचे नाव विचारले हे दिसते, कारण बहुतेकांच्या राउटरमध्ये नाव शोधून देणारा डीएनएस सर्व्हर पुरवठादाराचाच असतो. तो बदलला, तरी जोडणीच्या सुरुवातीला ब्राउझर संकेतस्थळाचे नाव उघड सांगतो. ते लपवण्याची सोय हल्लीच्या ब्राउझरांत आली आहे, पण सर्व संकेतस्थळांनी ती घेतलेली नाही. त्याशिवाय, कूटबद्ध व्हिडिओच्या तुकड्यांचा आकार दृश्यागणिक कमीजास्त होतो आणि त्या चढउतारांवरून चित्रपट ओळखता येतो, असे २०१७ मध्ये संशोधकांनी नेटफ्लिक्सच्या बाबतीत दाखवून दिले आहे. आपला केबलचालक हे करील अशी मला मुळीच शक्यता वाटत नाही. परंतु 'कूटबद्ध आहे म्हणजे काहीच कळत नाही' हे विधान मी कोणाजवळ करणार नाही.

इथे एक दुर्लक्षित कॅशे आहे आणि माझ्या मते खासगीपणाचा खरा प्रश्न व्हिडिओच्या पेटीपेक्षा तिच्यात आहे: डीएनएसची. एखाद्या ग्राहकाने नाव विचारले की उत्तर काही मिनिटे वा तास त्या सर्व्हरच्या स्मरणात राहते. सर्व्हर नीट बंदिस्त केलेला नसेल, तर बाहेरचा कोणीही 'हे नाव तुझ्याकडे आधीपासून आहे का' एवढेच विचारून पाहू शकतो आणि होकार आला तर या जाळ्यातल्या कोणीतरी नुकतेच ते संकेतस्थळ उघडले हे त्याला कळते. लाखो ग्राहकांच्या जाळ्यात या माहितीला काही अर्थ नसतो. पण साठ घरांच्या वसाहतीला सेवा देणाऱ्या केबलचालकाच्या सर्व्हरवर एखाद्या आजाराच्या रुग्णालयाचे किंवा घटस्फोटाच्या वकिलाचे नाव निघाले, तर अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. मी जिथे जिथे तपासणीला जातो, तिथे पहिली आज्ञा याच सर्व्हरवर चालवतो.

डीएनएस बदलावा का, असे पुढे विचारले जाईल. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय आहे आणि ती वापरली तर पुरवठादाराला आपल्या विचारणा वाचता येत नाहीत. ज्याच्याकडे त्या जातात त्याला अर्थात दिसतात, म्हणजे विश्वास एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवावा लागतो. यातही एक गोम आहे. अकामाईसारख्या वितरण जाळ्यांना (ठिकठिकाणी पेट्या ठेवून इतरांचा आशय पोहोचवणाऱ्या कंपन्यांना) आपल्या जवळची पेटी निवडण्यासाठी विचारणा कुठून आली हे कळावे लागते. गूगलचा सार्वजनिक डीएनएस त्यासाठी आपल्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग पुढे कळवतो. क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये सुरू केलेला डीएनएस खासगीपणाचे कारण देऊन तो सहसा कळवत नाही. परिणामी, गावात पेटी असूनही आपल्याला मुंबईची किंवा चेन्नईची पेटी दिली जाऊ शकते. थोडा खासगीपणा हवा असेल तर कधीकधी थोडा वेग द्यावा लागतो. मी स्वतः घरी हा व्यवहार पत्करला आहे.

शिवाय, कॅशे असो वा नसो, परवान्याच्या अटींप्रमाणे पुरवठादाराला जोडण्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात आणि डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने त्यांची मुदत एक वर्षावरून दोन वर्षे केली. त्या नोंदी कोणत्या खोलीत, कोणाच्या लॅपटॉपवर, कोणत्या पासवर्डखाली आहेत, हा प्रश्न कुलूपबंद पेटीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि त्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, तेव्हा केबलचालकालाही यापुढे 'ती फाइल कोणीही उघडते' असे म्हणून भागणार नाही.

आता न्यायाचा प्रश्न. यात गुंता अधिक आहे आणि माझे मत सर्व सहकाऱ्यांना पटेल असेही नाही.

पेटी जवळ असल्यामुळे यूट्यूब वेगाने येणे, यात मला अन्याय दिसत नाही. दुरून आणायच्या डेटासाठी केबलचालक वरच्या कंपनीला दर एमबीपीएसमागे पैसे मोजतो. जवळच्या पेटीतला डेटा त्याला स्वस्त पडतो. घाऊक बाजारात 'इंटरनेट', 'पीअरिंग' (दोन जाळ्यांमधली थेट देवाणघेवाण) आणि 'जीजीसी' (गूगलची पेटी) असे वेगळे दरच लावले जातात. नेट न्यूट्रॅलिटीवरच्या, म्हणजे पुरवठादाराने आशयाआशयात भेद करू नये या तत्त्वावरच्या, नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत दूरसंचार नियामक ट्रायने पुरवठादाराच्या जाळ्यातूनच आशय पोहोचवणाऱ्या वितरण जाळ्यांना भेदभावाच्या बंदीतून वगळले आणि २०१८ मध्ये सरकारने त्या शिफारशी स्वीकारून भेदभाव न करण्याची अट परवान्यांत घातली. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने आशयानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी झाली होती, उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंडासह. निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्सचा भारतातला मुक्काम त्यानेच संपला.

परंतु आपल्या पत्रकावरचे '३०' आणि '१००' हे आकडे जवळ-दूर या अंतराने आपोआप ठरलेले नाहीत. आपल्या घरात आलेली फायबर दोन्ही वाहून नेऊ शकते. केबलचालकाच्या राउटरवर आपल्या नावाची ३० ची एक मर्यादा लिहिलेली आहे आणि शेजारी पत्त्यांची एक यादी आहे. यादीतल्या पत्त्यांकडून आलेल्या डेटाला १०० ची वेगळी मर्यादा. ती यादी कोणीतरी हाताने लिहिली आहे. न्यायाचा विचार या यादीपासून सुरू करायला हवा.

माझी कसोटी साधी आहे. जो डेटा केबलचालकाला स्वस्त पडतो तो सगळाच यादीत असेल, म्हणजे गूगलची पेटी, मेटाची पेटी, आणि मुंबईतल्या इंटरनेट एक्स्चेंजवरून पीअरिंगने येणारे लहानमोठे सगळे, तर तो खर्चावर आधारलेला भेद आहे आणि त्याला मी आक्षेप घेणार नाही. पण पीअरिंगने तितक्याच स्वस्तात येणारे नाट्यसंस्थेचे संकेतस्थळ वगळून यादीत फक्त नावाजलेल्या दोन-तीन सेवा असतील, तर जिथे अंतर नव्हते तिथे ते निर्माण केले गेले आहे. पहिल्या प्रकारात पत्रकावर 'स्थानिक वाहतूक १०० एमबीपीएस' असे छापता येते. 'यूट्यूब १००' असे छापले आहे, त्या अर्थी आपल्याकडे बहुधा दुसरा प्रकार असावा. त्यात दरवेळी दुष्ट हेतू असतो असे मात्र नाही. यादी अद्ययावत ठेवण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि ग्राहक यूट्यूबच विचारतो.

लहान संकेतस्थळाची खरी अडचण एक पायरी वर आहे. गूगल किंवा नेटफ्लिक्स पेट्या फुकट देतात, पण ठरावीक वाहतुकीच्या वर असलेल्या पुरवठादारालाच. म्हणजे मोठ्या आशयाची मोठ्या पुरवठादाराशी सोयरीक आधी जुळते आणि लहान केबलचालकाला ती पेटी वरच्या कंपनीमार्फत, तिच्या दरात घ्यावी लागते. पुरवठादार आणि आशयाचा मालक एकाच उद्योगसमूहात असतील, जसे २०२५ मध्ये सुरू झालेल्या जिओहॉटस्टारच्या बाबतीत आहेत, तर वितरण जाळ्यांना दिलेली सूट स्वतःच्याच आशयाला मिळू शकते. असे कोणी करत आहे असा माझा आरोप नाही. मात्र सूट लिहिताना बाहेरच्यांची पेटी डोळ्यांसमोर होती, आणि स्वतःच्या पेटीसाठी काय उघड करावे लागेल याचे तपशीलवार नियम असायला हवेत, असे मला वाटते.

एका कॅशेबद्दल मात्र माझी सहानुभूती नाही: टॉरेंटची, म्हणजे वापरकर्त्यांनी एकमेकांकडून फायली उतरवण्याच्या पद्धतीची. काही वर्षांपूर्वीपर्यंत अनेक शहरांतले पुरवठादार 'टॉरेंट पूर्ण वेगाने' अशी जाहिरात करत आणि त्यामागे ग्राहकांनी उतरवलेल्या चित्रपटांच्या प्रती साठवणारे यंत्र असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतरचा कॉपीराइट कायदा प्रसारणाच्या तांत्रिक प्रक्रियेत होणारी क्षणिक साठवण माफ करतो. महिनोन्‌महिने ठेवलेला चित्रपट क्षणिक कसा, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. शिवाय ते यंत्र पुरवठादाराचे स्वतःचे, म्हणून कोणी काय उतरवले याची वहीही त्याच्याच हातात.

आपण काय करावे, ते सांगतो. नाट्यसंस्थेचे चित्रीकरण सध्या कुठे ठेवले आहे ते पाहावे. परदेशातल्या स्वस्त सर्व्हरवर असेल, तर ते खरोखरच दुरून येत आहे आणि केबलचालकाला दोष देता येणार नाही. मुंबईत केंद्र असलेल्या एखाद्या वितरण जाळ्यामागे ते ठेवता येते आणि लहान संस्थेला परवडेल अशा योजना मिळतात. तसे केल्यावर एका रात्री दहाच्या सुमारास, आणि पुन्हा पहाटे, दोन्ही संकेतस्थळांचा वेग मोजावा. पहाटेही नाट्यसंस्था बरोबर ३० वरच थांबत असेल, तर तो गर्दीचा परिणाम नव्हे, मर्यादेची ओळ आहे. मग केबलचालकाकडे जाऊन तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: १०० च्या यादीत पीअरिंगचे सगळे मार्ग आहेत की निवडक सेवा, त्यांचा डीएनएस सर्व्हर बाहेरच्यांना उत्तरे देतो का, आणि जोडणीच्या नोंदी कोणाकोणाला उघडता येतात. पहिल्याचे उत्तर 'निवडक' असे आले, तर परवान्यातल्या भेदभाव न करण्याच्या अटीचा उल्लेख करून त्यांच्या तक्रार केंद्रात अर्ज द्यावा आणि तक्रार क्रमांक घ्यावा. माझा अनुभव असा की, बहुतेक केबलचालक या टप्प्यावर यादीत एक ओळ वाढवून देतात, कारण तिला त्यांना खर्च काहीच येत नाही.